गावचा रेडिओ, पण परवान्याचा

१ मेच्या ग्रामसभेत गावाचे स्वतःचे रेडिओ केंद्र काढायचा विषय निघाला तेव्हा पहिला सवाल असा आला: "भाऊ, ट्रान्समीटर तं ऑनलाइन भेटते, मंग परवाना कायले पायजे?" सवाल रास्त आहे आणि विदर्भात गावोगावी तो विचारला जातो. भजनी मंडळाला काकडा घरोघर पोहोचवायचा असतो, शाळेला परिपाठ ऐकवायचा असतो, कापसाच्या भावाची आणि बोंडअळीच्या फवारणीची माहिती हवी असते. पंधरा-वीस वॉटचा एफएम ट्रान्समीटर साध्या मोबाईलच्या किमतीत घरपोच मिळतो. लावला की दोन-तीन किलोमीटर ऐकूही येतो. म्हणून परवान्याच्या कागदांकडे वळण्याआधी दंडाचे आधी सांगतो.

विनापरवाना प्रसारणावर आजवर दोन जुने कायदे लागत आले. १८८५ च्या भारतीय तार अधिनियमात बिनतारी यंत्रणा परवानगीशिवाय उभारली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी अधिनियमात तर नुसता ट्रान्समीटर जवळ बाळगला तरी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड. हा हजाराचा आकडा ऐकून लोक निर्धास्त होतात आणि कैदेचा भाग विसरतात. त्यानंतर आला दूरसंचार कायदा २०२३. त्याचे कलम ४२ हे २६ जून २०२४ पासून लागू झाले. अधिकृत परवानगीशिवाय दूरसंचार जाळे उभारणे किंवा सेवा देणे यासाठी त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा २ कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. याच कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत परवानगीविना रेडिओ उपकरण बाळगण्यासाठी पहिल्या वेळी ५० हजारांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी २ लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. झडती घेऊन सामान जप्त करण्याचा अधिकार वेगळाच. वर्गणीतून चालणाऱ्या मंडळाच्या अध्यक्ष-सचिवांवर हे येते तेव्हा ते त्यांच्या सातबाऱ्यापर्यंत येऊ शकते.

"गावात कोण पाहते?" असेही म्हटले जाते. एफएमची लहर लपत नाही, लोकांच्या घरात पोहोचणे हेच तर तिचे काम. दूरसंचार विभागाच्या वायरलेस मॉनिटरिंग संघटनेचे केंद्र नागपुरातही आहे. दिशा शोधणारी अँटेना लावलेली गाडी दोन-तीन ठिकाणांहून दिशा घेते, नकाशावर रेषा ओढते आणि रेषा जिथे छेदतात तिथे तुमचे छप्पर असते.

बिहारमधल्या वैशाली जिल्ह्यात मन्सूरपूरला राघव महतो यांनी दुरुस्तीच्या दुकानातून २००३ च्या सुमारास असेच गावचे केंद्र चालवले होते. लोकांनी जीव लावला, तरी २००६ मध्ये परवाना नाही म्हणून ते बंद झाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने कम्युनिटी रेडिओचे, म्हणजे समाजाने स्वतःसाठी चालवायच्या छोट्या ना-नफा रेडिओचे, धोरण नोंदणीकृत सामाजिक संस्थांसाठी खुले केले. तोवर, २००२ पासून, ते फक्त शिक्षणसंस्थांपुरते होते. आज गावाला कायदेशीर वाट आहे. ती लांब आहे, पण बंद नाही.

स्वस्त ट्रान्समीटरचा दुसरा धोका विमानांना आहे आणि तो आम्हाला दंडापेक्षा मोठा वाटतो. एफएमचा पट्टा १०८ मेगाहर्ट्झला संपतो आणि तिथूनच विमानांचा पट्टा सुरू होतो: आधी विमान उतरवण्याची व दिशा दाखवण्याची यंत्रणा, मग १३७ पर्यंत वैमानिकांचे बोलणे. स्वस्त यंत्रात बहुधा लो-पास फिल्टर, म्हणजे वरच्या नको त्या लहरी अडवणारा भाग, नसतो. ९० मेगाहर्ट्झ लावले की १८० वर आणि २७० वरही सावली उमटते. त्याहून वाईट म्हणजे मिश्रण. जवळ १०० मेगाहर्ट्झचे दुसरे केंद्र असेल, तर त्याची दुप्पट वजा तुमचे ९०, म्हणजे ११० मेगाहर्ट्झवर खोटी लहर तयार होऊ शकते, आणि ११० तर नेमके विमान उतरवण्याच्या पट्ट्यात. देशाच्या मधोमध असलेल्या नागपूरच्या आकाशातून दिवसरात्र विमाने जातात. शिवाय ही यंत्रे तापली की जागा सोडून सरकतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात टिनाखालच्या खोलीत ती तापणारच.

ग्रामसभेचा ठराव झाला आणि कागद सुरू झाले. अर्ज व्यक्तीला करता येत नाही, राजकीय पक्षाला किंवा त्याच्या संलग्न संघटनेला नाही, नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीलाही नाही. नोंदणी होऊन किमान तीन वर्षे झालेली, त्या भागात काम केल्याचा पुरावा असलेली ना-नफा संस्था लागते. कृषी विज्ञान केंद्र, कृषी विद्यापीठ, शाळा-महाविद्यालयेही अर्ज करू शकतात. आमची संस्था १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली, अशी दोन्हीकडे नोंदलेली. महाराष्ट्रातल्या बहुतेक संस्थांचे असेच असते आणि बहुतेकांचे घोडे इथेच अडते.

अडते ते चेंज रिपोर्टवर. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत कलम २२ खाली धर्मादाय कार्यालयात बदल कळवायचा असतो. तो मंजूर होईपर्यंत परिशिष्ट एकवर, म्हणजे तिथल्या संस्थेच्या नोंदीच्या उताऱ्यावर, जुनीच नावे राहतात, त्यातले एखादे काकाजी वारलेलेही असतात. अर्जावर सही करणारा सचिव परिशिष्टात नसेल तर दिल्लीत बसलेला माणूस त्याला ओळखणार कसा? आमच्याकडे दोन कार्यकारिणींचे रिपोर्ट प्रलंबित होते. क्रमाने आधी जुना मंजूर, मग नवा. दोष ना कोणत्या बाबूचा ना संस्थेचा. सुनावणीच्या तारखा लागतात, एखाद्या माजी सदस्याची संमती हवी असते, तो पुण्याला मुलाकडे गेलेला असतो. सगळा पावसाळा त्यात गेला. रेडिओचा विचार मनात आला असेल तर ट्रान्समीटरच्या किमती बघण्याआधी परिशिष्ट एकची ताजी प्रमाणित प्रत काढा.

दुसरा अडथळा नावाचा. आपल्याकडची निम्मी मंडळे 'बहुउद्देशीय'. मराठीत नोंदणी झालेली, पण इंग्रजीत लिहिताना पॅन कार्डावर एक 'यू', बँकेत दोन, संस्थांची नोंद ठेवणाऱ्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर भलतेच. ऑनलाइन अर्ज पॅनवरच्या नावाशी जुळवून बघितला जातो. एकच स्पेलिंग ठरवून कार्यकारिणीचा ठराव घ्या, पॅन दुरुस्त करून घ्या, मग बँक, मग दर्पण, या क्रमाने. उलट क्रमाने गेलात तर बँक पॅन मागते आणि परत पहिल्या पायरीवर आणते.

बाकी कागद: घटना व नियमावली, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, कामाचा पुरावा, ग्रामसभेचे ठराव. आमच्या भागातल्या सात गावांनी ठराव दिले. घरोघर विचारणाही केली: घरात रेडिओ आहे का, मोबाईलमध्ये एफएम आहे का, कोणत्या वेळी ऐकाल. यात एक गोष्ट कळली ती प्रत्येकाने आधीच जाणून घ्यावी. बऱ्याच नव्या मोबाईलमध्ये एफएम नसतेच, आणि असते त्यात इअरफोनची वायर लावल्याशिवाय आवाज धरत नाही, कारण ती वायरच अँटेना असते. वेचणीला जाणाऱ्या बायांनी सांगितले, सकाळी पाचला स्वयंपाकाच्या वेळी आणि रात्री जेवणानंतर. दुपारचे कोणी मागितले नाही. अर्जातले वेळापत्रक आम्ही त्यावरून लिहिले.

दिवाळी आटोपल्यावर माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर अर्ज भरला. प्रक्रिया शुल्क २,५०० रुपये. प्रवेश शुल्क किंवा परवानगी शुल्क कम्युनिटी रेडिओला नाही. भरताना सर्वात जपून लिहायची गोष्ट म्हणजे अक्षांश-रेखांश. ते अंश-मिनिट-सेकंदात लागतात, मोबाईलचा नकाशा दशांशात देतो. ७८.५० अंश म्हणजे ७८ अंश ५० मिनिटे नव्हे, ७८ अंश ३० मिनिटे. एवढ्या फरकाने मनोरा पस्तीस किलोमीटर पूर्वेला, दुसऱ्याच तालुक्यात उभा राहतो. दशांश भागाला ६० ने गुणले की मिनिटे, उरलेल्या दशांशाला पुन्हा ६० ने गुणले की सेकंद. मोजमाप मनोरा जिथे उभा राहणार त्या जागीच उभे राहून घ्या, संस्थेच्या फाटकाशी नको. आणि एकदा लिहिलेला आकडा पुढच्या प्रत्येक अर्जात शेवटच्या सेकंदापर्यंत तोच ठेवा.

मग वाट पाहणे. अर्ज गृह, संरक्षण आणि शिक्षण मंत्रालयाकडे अभिप्रायाला जातो. पोर्टलवर 'प्रक्रियेत आहे' एवढेच दिसते आणि गावात लोक विचारून विचारून हैराण करतात. पारावर बसणाऱ्या मंडळींना दर महिन्याला काय सांगायचे हा खरा प्रश्न होता. आम्ही त्या काळात पोरापोरींना मोबाईलवर रेकॉर्डिंग शिकवले: दंडारीची गाणी, जात्यावरच्या ओव्या, संत्र्याच्या बागांत गळ का होते यावर जुन्या बागायतदारांच्या मुलाखती. परवाना येईल तेव्हा हाताशी कार्यक्रम पाहिजेत, कारण नियमाने निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार केलेले लागतात.

छाननी समितीपुढे मांडणी झाली ती व्हिडिओवरून. प्रश्न साधे पण नेमके होते. समाज कोणता, बोली कोणती, सल्लागार व आशय समितीवर कोण, पहिली दोन वर्षे पैसा कुठून. फेब्रुवारी २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांत केंद्राच्या सल्लागार व आशय समितीवर निम्म्या महिला असाव्यात असे म्हटले आहे. आमच्याकडे बचत गटांच्या ताई आधीपासून होत्या, त्यांनीच निम्मी उत्तरे दिली. बोलायला अध्यक्षांनाच पुढे करू नका, कार्यक्रम जो करणार त्याला बसवा.

पुढच्या वर्षीच्या पोळ्याला लेटर ऑफ इंटेंट आले. गावाला वाटले परवाना आला, पेढेही वाटले गेले. हे पत्र म्हणजे फक्त पुढच्या दाराची किल्ली. ते हातात आल्यापासून एक महिन्याच्या आत दूरसंचार विभागाच्या, फ्रिक्वेन्सी वाटणाऱ्या डब्ल्यूपीसी विंगकडे फ्रिक्वेन्सीसाठी आणि सॅक्फा नावाच्या समितीच्या जागामंजुरीसाठी अर्ज करायचा असतो. सॅक्फा मनोऱ्याची जागा आणि उंची तपासते: विमानतळ किती दूर, आजूबाजूला कोणाच्या बिनतारी यंत्रणा. यासाठी सहा महिन्यांची मुदत धरलेली आहे आणि आम्हाला जवळजवळ तेवढीच लागली. अँटेनाची उंची जमिनीपासून किमान १५ आणि कमाल ३० मीटर. इमारतीवर मनोरा असेल तर इमारतीची उंची त्यात धरतात. तीस मीटर गच्चीपासून मोजणारे अर्ज परत येतात.

सॅक्फा मिळाल्यावर २५,००० रुपयांची बँक हमी. तालुक्याच्या शाखेत असे काम वर्षानुवर्षे येत नाही, त्यामुळे शाखाधिकारी विभागीय कार्यालयाला विचारतो. मंत्रालयाने दिलेला मसुदा जसाच्या तसा टंकून घ्यावा लागतो. बँका आपल्या छापील नमुन्यात देऊ पाहतात, तो चालत नाही. मसुद्याची प्रत आधीच शाखेत देऊन ठेवा आणि तेवढ्या रकमेची मुदत ठेव तयार ठेवा. मग गोपा, म्हणजे मंत्रालयाशी परवानगीचा करार. सुधारित तत्त्वांनी त्याची मुदत पाचाची दहा वर्षे केली आहे. करारानंतर तीन महिन्यांत केंद्र उभे राहायला हवे, म्हणून पाया आणि खोली त्याआधीच तयार पाहिजे.

ट्रान्समीटर मात्र फ्रिक्वेन्सीचे पत्र हातात येईपर्यंत विकत घेऊ नका. नुसता बाळगणेही गुन्हा, हे वर आलेच आहे. चांगला विक्रेता स्वतःच पत्राची प्रत मागतो. बिलावर कंपनीचे नाव, मॉडेल आणि सिरियल नंबर असू द्या, वायरलेस ऑपरेटिंग लायसन्सच्या, म्हणजे प्रसारण सुरू करायच्या शेवटच्या परवान्याच्या, अर्जात ते लागतात. आणि हे लायसन्स हाती पडेपर्यंत अँटेनातून एक मिनिटही प्रसारण करायचे नाही. चाचणी करायची तर डमी लोडवर करा. म्हणजे अँटेनाच्या जागी ५० ओहमचा, किमान १०० वॉट सोसणारा भार लावायचा. यंत्र चालते, शक्ती मोजता येते, लहर बाहेर पडत नाही. 'चाचणी प्रसारण' नावाखाली आधीच गाणी लावणे हेही विनापरवाना प्रसारणच.

नियमाने ट्रान्समीटर ५० वॉटपर्यंत आणि अँटेनातून निघणारी परिणामी शक्ती १०० वॉटपर्यंत. अर्ध्या इंचाची चांगली केबल १०० मेगाहर्ट्झला शंभर मीटरमागे साधारण २.२ डेसिबल खाते. आमची ४० मीटर, म्हणजे ०.९ डेसिबल: ५० तले ४१ वॉट वर पोहोचतात. अँटेनाचा लाभ ३ डेसिबल, म्हणजे जवळपास दुप्पट, धरला तर ८२ वॉट, मर्यादेच्या आत. सपाट वऱ्हाडी प्रदेशात आठ-दहा किलोमीटर स्वच्छ ऐकू येते, टेकडीआडच्या वाडीत नाही.

आता मातीचे, कारण विदर्भात सगळ्यात जास्त नुकसान तिनेच होते. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून आकसते. मनोऱ्याचा पाया तिच्यात थांबवला तर दोन वर्षांत मनोरा कलतो. मुरूम लागेपर्यंत खणा. आमच्याकडे तो पुरुषभर खोलीवर लागला, शेजारच्या शेतात त्याहून खाली. तानाच्या तारांचे नांगरही मुरमातच गाडा. अर्थिंगचेही तसेच. पावसाळ्यात मोजलेला रोध छान दिसतो, एप्रिलमध्ये माती प्लेटपासून सुटते आणि तो कितीतरी पटीने वाढतो. आणि विदर्भात वीज कोसळते ती नेमकी मे-जूनमध्ये, माती सर्वात कोरडी असताना. म्हणून अर्थिंग उन्हाळ्यात मोजा, पाच ओहमच्या खाली आणा, खड्ड्यात पाइप ठेवून रोज बादलीभर पाणी सोडा. मनोऱ्याचे, ट्रान्समीटरचे आणि विजेच्या मीटरचे अर्थिंग तांब्याच्या पट्टीने एकमेकांना जोडलेले हवे. वेगवेगळे ठेवले तर वीज पडताच त्यांच्यात दाबाचा फरक पडतो आणि तो वाट काढतो ट्रान्समीटरमधून.

केबलच्या जोडावर आधी रबर टेप, मग काळी टेप, दोन्ही खालून वर गुंडाळा म्हणजे कौलांसारखे पदर पडून पाणी ओघळून जाते. खोलीत शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या. पहिल्या पावसानंतर परतीची शक्ती, म्हणजे अँटेनाकडून ट्रान्समीटरकडे उलटी येणारी, बघा: ५० वॉट जात असताना २ वॉटपर्यंत परत येत असेल तर ठीक. ती चढू लागली तर बहुधा जोडात पाणी गेले आहे. यंत्र जळायच्या आधी बंद करा.

खोलीत कुलर लावू नका. चंद्रपूर-वर्ध्याच्या उन्हात मोह होतो, पण कुलरची ओल आणि धूळ सर्किटवर बसते. छोटा एसी, आणि त्याआधी चांगला स्टॅबिलायझर. शेतीपंपांची लाइन आली की व्होल्टेज झपकन पडते, गेली की उसळते. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुन्या कापसाच्या गाद्या लावल्या, त्या विकतच्या फोमपेक्षा चांगल्या निघाल्या. टिनाचे छप्पर असेल तर पावसात रेकॉर्डिंग विसरा, आधी त्याखाली छत घाला.

ऑपरेटिंग लायसन्स आल्यावर पहाटे पाचला ९०.४ वर पहिला कार्यक्रम लागला. त्या दिवसापासूनची कामे वेगळी. प्रसारित झालेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावा लागतो. १२८ केबीपीएसच्या दर्जाने साठवले तर तासाला साधारण ५८ एमबी होतात, रोज दहा तास धरले तर नव्वद दिवसांना ५२ जीबी. एक हार्ड डिस्क पुरते, पण दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवा. बातम्या स्वतः तयार करून देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा किंवा बोलीत भाषांतर करून देता येतात. हवामान, पाणी-वीज, परीक्षा-प्रवेश, रोगराईचा इशारा, जत्रा-यात्रा हे बातम्यांत धरत नाहीत, आणि गावाला तेच तर हवे असते. करारभंग झाला तर पहिल्या वेळी एक महिन्यापर्यंत, दुसऱ्या वेळी तीन महिन्यांपर्यंत प्रसारण बंद, त्यानंतर परवानगी रद्द. म्हणून निवडणुकीच्या दिवसांत मुलाखत द्यायला येणाऱ्या पुढाऱ्यांना आमच्या ताई चहा पाजून परत पाठवतात.

खर्चाचे म्हणाल तर डब्ल्यूपीसीला दरवर्षी फ्रिक्वेन्सीचे शुल्क भरायचे, वीजबिल, दोघांचे मानधन. तासाला १२ मिनिटे जाहिरात चालते. सरकारी जाहिरातीचा दर २०२४ मध्ये १० सेकंदांना ५२ वरून ७४ रुपये झाला, म्हणजे मिनिटाला ४४४. पण सरकारी जाहिरात रोज येत नाही आणि बिल महिन्यांनी निघते. आमचा महिना चालतो तो कृषी केंद्र, जिनिंग आणि लग्नाच्या कार्यालयांच्या जाहिरातींवर. त्या दसऱ्यापासून उन्हाळ्यापर्यंत असतात, पावसाळ्यात जवळपास बंद पडतात. फ्रिक्वेन्सीचे शुल्क पावसाळ्याआधीच बाजूला काढून ठेवतो, कारण ते चुकले की लायसन्स चुकते आणि मग आपणही विनापरवानाच.